ब्रह्मराक्षसाचा वारसा : गॉथिक कथेचे पुनर्वाचन

'गॉथिक' ही संज्ञा मराठी समीक्षेत फारशी रुळलेली नाही. मध्ययुगीन युरोपातील उंच कमानींच्या चर्चवास्तूंचे वर्णन करताना ती वापरली जाते. वाङ्मयप्रकार म्हणून तिचा निर्देश झालाच, तर तो इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासातील एका प्रकरणापुरता होतो. मराठीत तिच्याऐवजी भयकथा, गूढकथा, पिशाच्चकथा, अद्भुत कादंबरी असे निरनिराळे शब्द आहेत. हे शब्द वाचकावर होणाऱ्या परिणामाकडे किंवा कथेतील सामग्रीकडे निर्देश करतात. गॉथिक कथेचा रूपबंध मात्र केवळ परिणामावरून किंवा भुताच्या उपस्थितीवरून ठरत नाही. एक जुनी वास्तू, त्या वास्तूत पूर्वी घडलेला आणि झाकून ठेवलेला अन्याय, आणि त्या अन्यायाची किंमत मोजणारी पुढची पिढी, या तीन घटकांच्या परस्परसंबंधातून तो सिद्ध होतो. भूत हे या संबंधाचे दृश्य रूप असते. ते नसले तरी चालते.

या प्रकारातील आद्य कृती मानली जाणारी होरेस वॉलपोल यांची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी १७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. जुन्या इटालियन ग्रंथाचा हा अनुवाद आहे, अशी बतावणी पहिल्या आवृत्तीत होती. १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोल यांनी आपले कर्तृत्व मान्य केले आणि पुस्तकाला 'गॉथिक कथा' असे उपशीर्षक दिले. कथानायक मॅनफ्रेड याच्या आजोबांनी मूळ धनी अल्फॉन्सो याला विषप्रयोगाने मारून गढी बळकावलेली आहे. मॅनफ्रेडने स्वतः तो खून केलेला नाही, परंतु त्या खुनाची फळे तो भोगतो आहे आणि ती सोडण्याची त्याची तयारी नाही. परिणामी त्याचा मुलगा लग्नाच्याच दिवशी आकाशातून कोसळलेल्या प्रचंड शिरस्त्राणाखाली चिरडतो आणि मुलगी पित्याच्याच हातून चुकून मारली जाते. पूर्वजांच्या पापाचे फळ वंशजांच्या पदरी पडते, हे सूत्र या प्रकाराच्या जन्मापासूनच त्यात आहे. ज्या समाजात वतन, वाडा, भाऊबंदकी आणि पितृऋण यांची दीर्घ परंपरा आहे, त्या मराठी समाजाला हे सूत्र परके वाटण्याचे कारण नाही.

गॉथिक कथेचा आणखी एक विशेष तिच्या वाचनपद्धतीत आहे. हा प्रकार आरंभापासून संगतीने वाचला गेला. जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्दँगर अ‍ॅबी' या कादंबरीत दोन मैत्रिणी पावसाळी सकाळी खोलीत बसून एकत्र कादंबऱ्या वाचतात आणि एक मैत्रीण दुसरीला सात 'भयंकर' कादंबऱ्यांची यादी देते. ही कादंबरी लेखिकेच्या निधनानंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. पुढील काळात त्या सात कादंबऱ्या वाचकांच्या स्मरणातून इतक्या पुसल्या गेल्या, की ती नावे ऑस्टिन यांनी गमतीने रचली असावीत असा समज झाला. मायकल सॅडलीर यांनी १९२७ साली या कादंबऱ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. सातही पुस्तके खरोखरच छापली गेली होती आणि आपल्या काळात आवडीने वाचली गेली होती. एका मैत्रिणीने दुसरीला दिलेली यादी शतकाहून अधिक काळ एका विनोदी कादंबरीत टिकली आणि तिच्यामुळे हरवलेल्या पुस्तकांचा माग लागला, ही घटना वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे. समीक्षकांनी टाकून दिलेले वाङ्मय वाचकांच्या आपसातील शिफारशीने जिवंत राहू शकते.

१८१६ च्या उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराकाठी बायरन, शेली, मेरी आणि पॉलिडोरी यांनी पावसामुळे घरात अडकून पडले असताना जर्मन भूतकथांचा फ्रेंच अनुवाद मोठ्याने वाचला आणि प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहावी असे ठरवले, ही हकीकत सुपरिचित आहे. तिच्यातून 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आणि 'द व्हँपायर' (१८१९) या दोन कृती निर्माण झाल्या. या दोन्ही कृतींनी पुढील दोन शतकांच्या भयवाङ्मयाला दिशा दिली, आणि दोन्हींचे मूळ एका सहवाचनात आहे.

भय संगतीत का आस्वाद्य होते, याचे उत्तर भारतीय काव्यशास्त्रात मिळते. भरताने भयानक हा आठ रसांपैकी एक मानला. अभिनवगुप्ताने रसप्रक्रियेचे विवेचन करताना उदाहरण घेतले ते 'शाकुंतला'च्या आरंभी बाणाच्या भीतीने पळणाऱ्या हरिणाचे. ते भय प्रेक्षकाचे स्वतःचे नाही, शत्रूचे नाही, तटस्थाचेही नाही. व्यक्तिसंबंधांतून सुटलेले असे ते केवळ भय आहे, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. त्याच विवेचनात, सर्व सामाजिकांची प्रतीती एकरूप झाल्याने रसाचा अधिक परिपोष होतो, असेही तो सुचवतो. आजीच्या अंगणातील मुंजाची गोष्ट आठ-दहा मुलांनी एकमेकांना चिकटून ऐकावी आणि तीच गोष्ट एकट्याने पुस्तकात वाचावी, या दोन अनुभवांतील फरक या विचाराने उलगडतो. सहवाचनात भीतीची तीव्रता वाढते आणि त्याच वेळी तिचा जाच कमी होतो.

मराठी गद्यात या प्रकाराला अनुकूल भूमी आधीपासून होती. वेताळ पंचविशी मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातच वाचकांच्या हाती आली. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली आणि त्या दशकात अद्भुतरम्य कादंबरीचा प्रवाह वाहू लागला. हरि नारायण आपटे यांच्यापासून वास्तववादाची प्रतिष्ठा वाढली आणि अद्भुताकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तो बदल आवश्यक होता, परंतु त्याची एक किंमतही द्यावी लागली. भय आणि अद्भुत यांचा व्यवहार करणारे लेखन हे करमणुकीचे, म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेरचे, अशी विभागणी रूढ झाली.

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या वाट्याला ही विभागणी पूर्णपणे आली. त्यांची पुस्तके वाचनालयांतून सतत फिरत राहिली, परंतु वाङ्मयेतिहासांनी त्यांची दखल ओझरतीच घेतली. त्यांच्या लेखनाचे बळ मध्यमवर्गीय घराच्या परिचित तपशिलात आहे. भाड्याने घेतलेला बंगला, माळ्यावरची बंद पेटी, वारसाहक्काने मिळालेले दूरच्या गावचे घर अशा साध्या आरंभातून ते वाचकाला हळूहळू अनोळखी प्रदेशात नेतात. स्टीफन किंग यांच्या कथावस्तूंचा आधार त्यांनी काही ठिकाणी घेतला, हेही मान्य केले पाहिजे. 'शपथ' ही कादंबरी या संदर्भात नेहमी सांगितली जाते. परंतु आधार परका असला तरी घर मराठी झाले आहे. त्यांच्या लेखनाची मर्यादा निराळ्या ठिकाणी आहे. ज्या कथांत समर्थांसारखा अधिकारी पुरुष येतो, तेथे अनिष्ट शक्ती बहुधा बाहेरून आलेली असते आणि तिचा बंदोबस्त झाला की घर पूर्ववत होते. घराच्या पायातच काही दोष आहे का, हा प्रश्न मागे पडतो. अभिजात गॉथिक कथा त्या प्रश्नापाशीच सुरू होते.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या लेखनाला जाणीवपूर्वक 'गूढकथा' हे नाव दिले. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' यांसारख्या संग्रहांत भयाचे मूळ माणसाच्या मनोव्यापारात शोधले आहे. अपराधभाव, वासना, दडपलेला राग यांना ते मूर्त रूप देतात. येथे मराठी भयकथा गॉथिकच्या अधिक जवळ येते. तरीही धारप आणि मतकरी एका बाजूला आणि 'गंभीर' कथाकार दुसऱ्या बाजूला, ही मांडणी बदलली नाही. 'काजळमाया'साठी १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले आणि नंतर तो परत करणारे जी. ए. कुलकर्णी हे दुसऱ्या बाजूचे मानले जातात. परंतु 'पिंगळावेळ' या संग्रहातील 'स्वामी' ही त्यांची कथा गॉथिक रूपबंधाच्या कसोटीवर पूर्ण उतरते. प्रवासात अडकलेला एक मनुष्य एका मठात नेला जातो, त्याचे आदरातिथ्य होते आणि अखेर तो जमिनीखालच्या खोलीत कोंडला जातो. कारण मठाला स्वामी हवा असतो. येथे भूत नाही, शाप नाही. एका परंपरेला स्वतःला चालू ठेवायचे आहे आणि त्यासाठी तिला एक जिवंत माणूस लागतो, एवढेच भयाचे कारण आहे. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकातही विदर्भातील देशपांड्यांचा वाडा घरातल्या माणसांना असाच धरून ठेवतो. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि घरातले सोन्याचे दागिने हे त्या घराचे खरे पिशाच्च आहे.

या परंपरेचा नकाशा महाराष्ट्राच्या सीमेवर थांबत नाही. तो पूर्ण करण्यासाठी छत्तीसगढकडे वळणे आवश्यक आहे. रायपूरच्या जुन्या वस्तीत तात्यापारा नावाचा भाग आहे. 'तात्या' हे मराठी घरातील आदराचे संबोधन आणि 'पारा' हा मोहल्ला या अर्थाचा छत्तीसगढी शब्द. दोन भाषांचा सहवास त्या नावातच दिसतो. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीनंतर रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या प्रभावाखाली आले आणि १८५४ पर्यंत छत्तीसगढचा संबंध नागपूरशी राहिला. पुढे मध्य प्रांतात आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. या दीर्घ संबंधातून येथे मराठी कुटुंबे स्थिरावली. त्यांच्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी असे भाषाव्यवहार विभागले गेले. या परिसरातील मराठी घरांतून आलेल्या दोन लेखकांनी हिंदी वाङ्मयाला वळण दिले आणि दोघांच्याही लेखनात गॉथिक कथेचे गाभासूत्र आढळते.

पहिले माधवराव सप्रे (१८७१–१९२६). त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले, टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद केला आणि रायपुरातच त्यांचे निधन झाले. १९०१ साली त्या मासिकात आलेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही त्यांची कथा हिंदीतील आरंभीच्या लघुकथांत गणली जाते; काही अभ्यासक तिला पहिलीच मानतात. एका जमीनदाराला आपल्या महालाचे आवार शेजारच्या विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवायचे आहे. वकिलांना पैसा चारून तो झोपडीचा ताबा मिळवतो. विधवा येऊन नातीसाठी चूल घालायला त्या झोपडीतील टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्याचाच हात मागते. ती टोपली त्याला उचलत नाही. एका टोपलीचे ओझे पेलत नसेल, तर साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे पेलणार, या तिच्या प्रश्नाने त्याचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो. ही भयकथा नव्हे. तिचा शेवट बोधकथेचा आहे. परंतु बळकावलेली वास्तू, कायद्याच्या कागदाखाली दडलेला अन्याय आणि निर्जीव वस्तूला आलेले अनैसर्गिक वजन, ही सामग्री ओट्रँटोच्या गढीतील सामग्रीशी थेट नाते सांगते. मॅनफ्रेड अखेरपर्यंत गढी सोडत नाही म्हणून त्याची कथा शोकांत होते. सप्र्यांचा जमीनदार वेळीच सोडतो, म्हणून त्याला भूत भेटत नाही.

दुसरे लेखक गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४). मराठी कवी आणि समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे हे वडील बंधू. एकाच मराठी घरातील दोन भावांपैकी एकाने मराठीत आणि दुसऱ्याने हिंदीत आपले श्रेष्ठ लेखन केले. गजानन मुक्तिबोध नागपुरात सुमारे दहा वर्षे काढून १९५८ साली राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. राजनांदगाव रायपूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. महाविद्यालय संस्थानिकांच्या जुन्या राजवाड्यात होते आणि मुक्तिबोधांचे निवासस्थानही त्याच परिसरात, तलावाच्या काठी, चक्राकार जिन्याच्या जुन्या इमारतीत होते. त्यांची प्रतिमासृष्टी या वास्तूतूनच जन्मली असे मानणे बरोबर ठरणार नाही, कारण अंधारे जिने आणि ओसाड विहिरी त्यांच्या लेखनात त्याआधीच येतात. १९६४ मध्ये 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला, तो छापून झालेला त्यांना पाहता आला नाही.

या संग्रहातील 'ब्रह्मराक्षस' ही कविता शहराबाहेरच्या पडक्या भागातील एका पायविहिरीत घडते. पायऱ्या जुन्या, साचलेल्या पाण्यात उतरल्या आहेत, भोवती औदुंबराच्या फांद्या गुंतल्या आहेत. आत एक ब्रह्मराक्षस सतत अंग घासून धुतो आहे, पण मळ निघत नाही. तो विद्वान आहे; प्राचीन सूक्तांपासून आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञांपर्यंत सर्वांची नवी भाष्ये तो करतो. भिंतीवर उतरलेला सूर्याचा किरण आपल्याला वंदन करायला आला असे त्याला वाटते. ऐकणारे मात्र कोणीच नाही. त्याचा आवाज विहिरीतच घुमतो. मराठी लोकसमजुतीत ब्रह्मराक्षस म्हणजे विद्येचा दुरुपयोग केलेला किंवा ती न देताच मेलेला ब्राह्मण. मुक्तिबोधांनी या समजुतीत फारसा बदल न करता तिच्यात आधुनिक बुद्धिमंताचे सारे दुःख भरले आहे. आतल्या आणि बाहेरच्या दोन कठोर दगडांमध्ये तो भरडला गेला, असे कवी सांगतो आणि शेवटी, त्याचे अपुरे कार्य पुढे नेण्यासाठी आपण त्याचे शिष्य व्हावे, अशी इच्छा व्यक्त करतो.

ही रूपककविता आहे, तिला गॉथिक म्हणणे म्हणजे केवळ बाह्य साम्य पाहणे होय, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर 'अँधेरे में' या त्यांच्या दीर्घ कवितेत मिळते. या कवितेत निवेदक रात्री एक मिरवणूक पाहतो. तिच्यात फौजी बँडबरोबर शहरातले मान्यवर, लेखक आणि समीक्षक एका कुख्यात गुंडाच्या सोबतीने चालत असतात. त्यांना तशा रूपात पाहिल्याबद्दल निवेदकाचा पाठलाग होतो. पुढे टिळकांचा दगडी पुतळा हलतो आणि त्याच्या नाकातून रक्त वाहू लागते. 'ओट्रँटो'मध्येही असाच एक प्रसंग आहे. मॅनफ्रेड आपली सत्ता टिकवण्यासाठी विवाहसंबंधांचे बेत मांडत असता अल्फॉन्सोच्या पुतळ्याच्या नाकातून रक्ताचे तीन थेंब पडतात. मुक्तिबोधांवर वॉलपोल यांचा प्रभाव होता असे सुचवण्याची गरज नाही. दोन शतकांच्या अंतराने दोन लेखकांना एकच प्रतिमा सुचते, याचा अर्थ दोन्हीकडे अनुभवाची घडण सारखी आहे. बळकावलेल्या घरात मूळ धन्याचा पुतळा रक्त गाळतो, आणि स्वातंत्र्यानंतरच्या व्यवस्थेत स्वराज्याची मागणी करणाऱ्या पुढाऱ्याचा पुतळा रक्त गाळतो. वारसा चुकीच्या हातांत गेला आहे, ही तक्रार दोन्ही ठिकाणी दगड करतो. फरक एवढाच, की मुक्तिबोधांच्या कवितेत गढीच्या जागी सबंध शहर आले आहे.

दोन हातांची तुलनाही अशीच उद्बोधक आहे. एका प्राचीन गढीच्या जिन्याच्या कठड्यावर चिलखतातला प्रचंड हात ठेवलेला वॉलपोल यांनी स्वप्नात पाहिला आणि त्यावरून कादंबरी लिहायला घेतली. तो हात आपली मालमत्ता परत घ्यायला आलेल्या धन्याचा आहे. मुक्तिबोधांच्या 'ब्रह्मराक्षस का शिष्य' या कथेतही एक अमानवी हात आहे. गुरूच्या शोधात काशीला आलेला एक अडाणी मुलगा एका ओसाड, अनेक मजली इमारतीत चढत जातो. वरच्या मजल्यावर त्याला गुरू भेटतात. बारा वर्षे अध्ययन होते. निरोपाच्या दिवशी दोघे खिचडी खायला बसतात. तूप आणायला शिष्य उठू लागतो, तेव्हा गुरू त्याला थांबवतात आणि त्यांचा हात लांब होत होत स्वयंपाकघरातून तुपाचे भांडे घेऊन परत येतो. हडळीचा किंवा भुताचा हात असा लांब होणे लोककथांतून परिचित आहे. तेथे त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण घरातले माणूस माणूस नव्हते हे कळते. येथेही काटा येतो. पण हात शिष्याला वाढण्यासाठी लांब झाला आहे. भयानक आणि वत्सल हे दोन भाव एकाच कृतीत येतात, आणि ही या कथेची खरी कमाई आहे.

गुरू मग सांगतात, की आपण ब्रह्मराक्षस आहोत. योग्य शिष्य न मिळाल्याने ज्ञान देता आले नाही आणि आत्मा या वास्तूत अडकून राहिला. आता ते ज्ञान शिष्याला मिळाले, म्हणून ते मुक्त झाले. परंतु त्याबरोबर जबाबदारीही त्याच्याकडे आली. जोवर तो हे ज्ञान दुसऱ्याला देत नाही, तोवर त्याचीही सुटका नाही. वेताळाच्या अटीची आठवण येथे होते. उत्तर माहीत असून विक्रम गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. भारतीय पिशाच्चकथेत जाणणे आणि सांगणे यांचा संबंध असा जुना आहे, आणि मुक्तिबोध त्या परंपरेतच उभे आहेत.

'स्वामी' आणि 'ब्रह्मराक्षस का शिष्य' या कथा शेजारी ठेवून वाचल्या, तर दोहोंचाही अर्थ अधिक स्पष्ट होतो. दोन्हींत एकटा मनुष्य अनोळखी वास्तूत शिरतो आणि तिच्या परंपरेचा वारस ठरतो. जी. एंच्या कथेत वारसा लादला जातो. माणूस कोणीही असला तरी चालतो, जागा भरली पाहिजे. मुक्तिबोधांच्या कथेत वारसा बारा वर्षांच्या अध्ययनाने मिळतो आणि तो घेऊन वास्तूच्या बाहेर जावे लागते. एकीकडे परंपरा माणसाला गिळते, दुसरीकडे माणूस परंपरेला अडकलेल्या जागेतून सोडवतो. या दोन शक्यतांमधील ताण हा मराठी गॉथिकचा मध्यवर्ती प्रश्न आहे. परंतु एक कथा मराठीत आणि दुसरी हिंदीत असल्यामुळे त्या एकत्र वाचल्या जात नाहीत.

तिसरी शक्यता अलीकडच्या काळात चित्रपटातून पुढे आली. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी चित्रपट कोकणातील एका वाड्यात घडतो. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आलेले आहे आणि त्यातील साखळदंडांत ठेवलेल्या म्हातारीमागे नारायण धारपांची 'आजी' ही कथा आहे. ती कथा स्वतः किंग यांच्या एका कथेवर आधारलेली. या चित्रपटात बाप मुलाला सोने मिळवण्याची विद्या शिकवतो आणि शेवटी मुलगा ते सोने नाकारतो. वारसा नाकारण्यातच येथे सुटका आहे. प्रथम प्रदर्शनाच्या वेळी मर्यादित प्रेक्षक लाभलेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्यापेक्षा अधिक गर्दी झाली. धारपांच्या पुस्तकांच्याही नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत. हे पुनरुज्जीवन समीक्षेने घडवले नाही. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला नेऊन दाखवले, अशा रीतीने ते घडले. ऑस्टिन यांच्या कादंबरीतील यादीसारखेच ते आहे.

मराठी वाड्यातले भूत सप्र्यांपासून 'तुंबाड'पर्यंत अनेकदा हिंदीत बोलले आहे. ही वस्तुस्थिती मराठी समीक्षेने खेदाने किंवा अभिमानाने पाहण्यापेक्षा अभ्यासाचा विषय म्हणून पाहिली पाहिजे. या अभ्यासासाठी तात्यापारासारख्या वस्तीतील वाचकाची स्थिती विशेष अनुकूल आहे. पुण्यामुंबईच्या वाचकाला मुक्तिबोध बहुधा अनुवादातून किंवा अभ्यासक्रमातून भेटतात. भोपाळ-अलाहाबादच्या हिंदी वाचकाला धारप आणि जी. ए. सहसा भेटतच नाहीत. रायपूरच्या मराठी घरातील वाचकाला दोन्ही मूळ भाषेत वाचता येतात. ब्रह्मराक्षस हा शब्द त्याने आजीच्या तोंडून मराठीत ऐकलेला असतो आणि पाठ्यपुस्तकात हिंदीत वाचलेला असतो. मुक्तिबोधांच्या कवितेतील औदुंबराच्या सावलीत दत्ताचा आणि मुंजाचा असे दोन्ही संस्कार त्याच्या मनात जागे होतात. हिंदीच्या समीक्षेने या कवितेतील मार्क्सवादी आशयाची बरीच चर्चा केली. तिच्यातील मराठी लोकसमजुतीचा थर उकलून दाखवणे हे काम या वाचकाचे आहे.

परंतु हा वाचक दीर्घकाळ राहीलच असे नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांत पुढची पिढी मराठी बोलते, पण वाचत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आजोबांच्या कपाटातील मराठी पुस्तके नातवंडांना लिपी एकच असूनही परकी वाटू लागतात. अशा घरात भाषेची अवस्था विहिरीतल्या ब्रह्मराक्षसासारखी होते. सांगण्यासारखे बरेच असते, पण ऐकणारा नसतो. मराठी मंडळांचे गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग भाषेचा उत्सवी भाग सांभाळतात. तिचा वाचनाचा भाग सांभाळण्यासाठी वेगळी योजना लागते, आणि त्यासाठी गॉथिक कथेइतका सोयीचा वाङ्मयप्रकार दुसरा नाही. ती मोठ्याने वाचता येते, लहानमोठे एकत्र बसून ऐकतात, आणि पुढे काय झाले या उत्सुकतेपोटी अनोळखी शब्दही वाचक ओलांडून जातो. 'तुंबाड' पाहिलेल्या नातवाला धारपांची 'आजी' वाचून दाखवावी, त्यानंतर 'स्वामी' आणि मग त्याच्याकडून 'ब्रह्मराक्षस का शिष्य' हिंदीत वाचून घ्यावी, असा क्रम कोणत्याही घरात किंवा वाचनालयात ठेवता येईल. यात आजोबा आणि नातू दोघेही आलटून पालटून गुरू होतात.

विद्यापीठांतून या दिशेने अभ्यास व्हायला हवा, हे खरेच. धारप-मतकरींच्या भयकथा, जी. एंच्या कथा, एलकुंचवारांची नाटके आणि मुक्तिबोधांच्या हिंदी कविता एकाच अभ्यासपत्रिकेत आल्या, तर गंभीर आणि करमणूकप्रधान, मराठी आणि हिंदी या दोन्ही विभागण्या तपासून पाहता येतील. त्यातून काहींचे मूल्य वाढेल, काहींचे कमीही होईल. धारपांच्या पुष्कळशा कथा या कसोटीला उतरणार नाहीत. ज्या उतरतील त्यांना मात्र त्यांचे योग्य स्थान मिळेल. अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता वाचकांनी आपल्या परीने हे काम सुरू केले आहे. मुक्तिबोधांच्या कथेतील गुरूची अट त्यांना ठाऊक असो वा नसो, ते ती पाळत आहेत. वाचलेले त्यांनी स्वतःजवळ ठेवलेले नाही.